अंगात कोण येते?



शहापूरहून किन्हवलीच्या बाजूने मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात वर्षावासाच्या निमित्ताने परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचनाचे काम माझ्याकडे होते. तिसऱ्या खंडातील अधम्म म्हणजे काय हा भाग त्या रात्री पुरा झाला. अलौकिक शक्तीवरील विश्वास हा धम्म नव्हे, आत्म्यावरील विश्वास हा धम्म नव्हे, हे बाबासाहेबांनी कसे मांडले आहे ते मी माझ्या परीने समजावले आणि ग्रंथ मिटला. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून कोणी उठेना. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आजी बोलल्या. त्यांच्या घराने गेल्याच वर्षी दीक्षा घेतलेली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमी देव सोडले. पन आमच्या पोरीला ज्यानं धरलंय, त्यानं तिला सोडलंय का?"

कोणी हसले नाही. सातवीत शिकणारी त्यांची नात महिन्या-दोन महिन्यांनी एकाएकी पडते, डोळे फिरवते, हातपाय झाडते, तोंडाला फेस येतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. मला उत्तर ठाऊक होते, परंतु ते दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. शिवाय मनातून थोडी लाजही वाटत होती. ती का, ते पुढे सांगतो. त्या रात्री आणि नंतरच्या दोन रविवारी आजींना जे सांगितले तेच येथे लिहीत आहे, कारण हा प्रश्न एकट्या आजींचा नाही. वाचकहो, तुम्हीही देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीला दिले असतील, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली असेल. दिवसा सारे ठीक असते. परंतु रात्री दोन वाजता लेकराचे डोळे पांढरे झाले, की मागील दाराने भगताकडे माणूस धावतो की नाही? छातीवर हात ठेवून सांगा. मी तुम्हांला दोष देत नाही. दोष देण्याचा अधिकार मला नाही.

कारण असे, की शिक्षक होऊन मला दुसरेच वर्ष होते. मी बी.एस्‌सी., बी.एड. झालेलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वर्गात फळ्यावर गणित लिहीत होतो. मागे धप्पकन आवाज झाला. एक मुलगा बाकावरून खाली पडून हातपाय झाडीत होता. पोरे ओरडली, "गुरुजी, चप्पल! चप्पल!" आणि मी, जीवशास्त्राचा विद्यार्थी, पायातली चप्पल काढून त्या मुलाच्या नाकाशी धरली. कोणी तरी चमचा आणला, तो मी त्याच्या दातखिळीत घातला. त्याचा पुढचा एक दात तुटला. थोड्या वेळाने मुलगा शुद्धीवर आला, आणि गावभर झाले की गुरुजींच्या चपलेने पोर उठले. मलाही ते खरे वाटले! ज्यांच्या बापजाद्यांना मेलेली गुरे ओढावी लागली, त्यांचा शिकलेला मुलगा आपल्याच विद्यार्थ्याच्या नाकाला कातडे लावून उभा राहिला. पदवी मिळाली म्हणजे भीती जाते असे नाही. त्या तुटलेल्या दाताने मला पुस्तके पुन्हा उघडायला लावली.

आता मूळ विषयाकडे वळू. आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवून पाहा. त्या कवटीच्या आत साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा, खरवसासारखा मऊ असा एक अवयव आहे. तोच मेंदू. शरीराच्या वजनाचा तो जेमतेम पन्नासावा हिस्सा. परंतु आपण विश्रांती घेत असतानासुद्धा शरीर जी शक्ती खर्च करते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा खातो. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. एकेक पेशी हजारो दुसऱ्या पेशींशी जोडलेली असते आणि त्या एकमेकींना अतिसूक्ष्म विजेच्या व रसायनांच्या साहाय्याने निरोप देतात. मेंदूपासून पाठीच्या कण्यातून एक जाड दोर खाली उतरतो, त्याला मज्जारज्जू म्हणतात. त्यातून निघालेले मज्जातंतू पायाच्या करंगळीपर्यंत पोहोचतात. काही तंतू बातमी वर नेतात, काही हुकूम खाली आणतात.

भातलावणीचे उदाहरण घ्या. चिखलात वाकून तुम्ही आवे लावीत आहात. डोळे मागच्या रोपाशी रांग जुळवतात. बोटे मुठीतून दोन-चार काड्या वेगळ्या करतात, मोजावे लागत नाही. कंबर तोल सांभाळते. तोंडाने शेजारणीशी बोलणेही चालू असते. एवढी सगळी कामे एकाच वेळी, आणि एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही. मध्येच पायाला काटा रुतला तर काय होते? आधी पाय वर उचलला जातो, आणि मग "आई गं" होते. हे उलटे कसे? काट्याची बातमी मज्जारज्जूत पोहोचताच तेथूनच पाय उचलण्याचा हुकूम सुटतो. तीच बातमी मेंदूपर्यंत चढून दुःख जाणवायला क्षणभर अधिक लागतो. म्हणजे पाय उचलला तो तुम्ही ठरवून नव्हे. तरी त्या पायात कोणी शिरले, असे आपण म्हणत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मेंदूच्या वेगवेगळ्या भागांकडे वेगवेगळी कामे आहेत. डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या अंगावर चालतो आणि उजव्या मेंदूचा डाव्या अंगावर. पाहण्याचे काम डोळ्यांमागे नव्हे, पार डोक्याच्या मागच्या भागात होते. त्याच्या खाली लहान मेंदू आहे, तो तोल आणि चालीचा मेळ पाहतो. दारूचा अंमल त्याच्यावर फार लवकर चढतो, म्हणून हातभट्टीवरून परतणारा गडी रस्ता मोजीत येतो. पंचशीलातले पाचवे शील कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या चालीकडे पाहावे. आणि अगदी खाली, मानेच्या वरच्या टोकाशी, मेंदूचे देठ आहे. श्वास आणि काळजाचे ठोके यांची देखरेख तेथून होते. आपण झोपलो तरी ते झोपत नाही. गंमत अशी, की श्वास आपोआपही चालतो आणि ठरवले तर आपण तो लांबवू किंवा रोखूही शकतो. काळजाचा ठोका असा थेट हुकमाने थांबवता येत नाही. आनापानसतीसाठी तथागतांनी नेमका श्वासच निवडला. शरीराचा आपोआप चालणारा कारभार आणि आपले लक्ष यांची गाठ जेथे पडते, ते हे ठिकाण आहे.

आता एका शब्दाकडे पाहा. म्हाताऱ्या माणसाचे एक अंग लुळे पडले, तोंड वाकडे झाले, की आपण म्हणतो, 'अंगावरून वारं गेलं.' वारे कोठून आले आणि कोठे गेले? मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली किंवा ती वाहिनी फुटली, आणि ज्या भागाचे रक्त तुटले त्याच्या हुकमातले अंग लुळे पडले. उजवे अंग गेले तर घाव डाव्या मेंदूत. गुठळीचा आजार असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते साडेचार तास आपण तेल चोळण्यात आणि दृष्ट काढण्यात घालवतो, कारण आपल्या भाषेतच वारे बसले आहे.

आजींच्या नातीचे जे होते त्याला कोणी फेफरे म्हणतो, कोणी मिरगी, कोणी आकडी. पुस्तकी नाव अपस्मार. ते काय असते हे मी शाळेवरून समजावतो, कारण मला तेच येते. वर्गात चाळीस मुले आहेत. कोणी वाचतो, कोणी लिहितो, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजतो. गलका असतो, पण काम चालते. आता समजा, एका कोपऱ्यातल्या चार मुलांनी एकाएकी मोठ्याने एका सुरात पाढा म्हणायला सुरुवात केली, आणि बघता बघता सारा वर्ग त्याच ठेक्यात ओरडू लागला. मग कोणाचेही वाचन होत नाही, गुरुजींचा शब्द कोणाच्या कानी जात नाही. सगळी बाके मात्र एका तालात हादरतात. फेफऱ्यात मेंदूतल्या पेशी अशाच एकदम, एका ठेक्यात पेटतात. विचार आणि शुद्ध हरपते आणि हातपाय त्या ठेक्यावर झाडले जातात. थोड्या वेळाने पेशी दमतात, ठेका मोडतो, शरीर ढिले पडते. रुग्णाला जाग येते तेव्हा त्याला काही आठवत नाही, डोके दुखते, झोप येते. मेंदूतली ही वीज कागदावर टिपता येते. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा असा पहिला आलेख काढला. आज त्याला ई.ई.जी. म्हणतात. भूत कोणत्याही यंत्रात उमटलेले नाही. हा ठेका मात्र उमटतो.

कोणी म्हणेल, झटका येण्यापूर्वी पोरीला आवाज ऐकू येतात, घाणेरडा वास येतो, कोणी दिसते, त्याचे काय? याचेही उत्तर आहे. वाइल्डर पेनफील्ड नावाच्या शल्यवैद्यांनी १९३४ साली कॅनडात माँट्रिऑल येथे मेंदूविकारांची संस्था स्थापन केली. फेफऱ्याचे रुग्ण जागे असताना ते त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करीत. मेंदूला स्वतःला दुःख कळत नाही, म्हणून हे शक्य होते. मेंदूच्या एका ठिकाणी त्यांनी विजेची बारीक तार टेकवली की रुग्णाचा हात हले. रुग्ण सांगे, हात मी हलवला नाही, डॉक्टर, तुम्ही हलवलात. कानशिलाजवळच्या भागाला तार टेकवली, तर कोणाला ओळखीचे गाणे ऐकू येई, कोणाला माणसांचे बोलणे. त्या खोलीत ना गाणारा होता, ना बोलणारा. तेव्हा पोरगी खोटे बोलत नाही. तिला ऐकू येते हे खरेच. बोलणारा कोणी नाही, हेही तितकेच खरे.

आता तुम्ही विचाराल, हे तर विज्ञान झाले, यात धम्म कोठे? बंधूंनो, आपल्या ग्रंथांत या आजाराचे नावच आहे. पालीत त्याला 'अपमार' म्हणतात. गिरिमानंद सुत्तात रोगांची लांबलचक यादी येते. डोळ्याचे, कानाचे, पोटाचे रोग, कुष्ठ, क्षय. त्याच रांगेत अपमार बसला आहे. भूतबाधांच्या यादीत नव्हे, रोगांच्या यादीत! विनयपिटकात तर याहून स्पष्ट आहे. मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपमार हे पाच रोग फैलावले होते. लोक जीवक वैद्याकडे उपचारासाठी येत. जीवकाला राजाची आणि भिक्खुसंघाची सेवा करूनच वेळ पुरेना. तेव्हा लोकांनी युक्ती काढली: चीवर घ्यायचे, फुकट उपचार करून घ्यायचे आणि बरे झाल्यावर घरी जायचे. जीवकाने तथागतांकडे गाऱ्हाणे मांडले, आणि या पाच रोगांनी पीडित माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. आज हा नियम वाचताना मला बरे वाटत नाही, हे मोकळेपणाने सांगतो. परंतु नियमाचे कारण पाहा. अपमाराचा रोगी अपवित्र आहे किंवा त्याला कोणी झपाटले आहे म्हणून नव्हे. वैद्याच्या दारी गर्दी झाली म्हणून. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजगृहात फेफऱ्याचा माणूस वैद्याकडे जात होता. आणि आम्ही?

त्याच जीवकाची दुसरी कथा महावग्गात आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला सात वर्षे डोक्याचा आजार होता. मोठमोठ्या वैद्यांनी आशा सोडली. कोणी म्हणाले पाचव्या दिवशी मरेल, कोणी म्हणाले सातव्या. जीवकाने त्याला विचारले, "एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने पडून राहशील काय?" श्रेष्ठी हो म्हणाला. जीवकाने त्याला मंचकाला बांधले, डोक्याची कातडी छेदली, कवटीची शिवण उघडली आणि आतून दोन किडे काढून लोकांना दाखवले. मग शिवण मिटवली, कातडी शिवली आणि लेप लावला. श्रेष्ठीला एका कुशीवर सात दिवसच निघाले, दुसऱ्या कुशीवर सात, उताणे सात. एकवीस दिवसांत तो बरा झाला. जीवक म्हणाला, सात महिने सांगितले नसते, तर तू एवढेही पडून राहिला नसतास! बरे झालो तर सगळी संपत्ती देईन आणि तुझा दास होईन, असे श्रेष्ठीने आधी कबूल केले होते. जीवकाने ठरावीक मोबदला घेतला, परंतु त्याला दास केले नाही.

ही कथा अक्षरशः घडली की नाही, यावर मी वाद घालणार नाही. पण डोक्यातले किडे म्हटल्यावर हसू नका. आपल्या देशात फेफऱ्याचे एक मोठे कारण म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणे. ज्याच्या आतड्यात हा कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि न धुतलेले हात, कच्ची भाजी, पाणी यांच्या वाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. ज्याने डुकराचे मांस कधी तोंडात घातले नाही, त्यालाही हे होते. म्हणून संडास आणि साबण यांचा मेंदूशी संबंध आहे. बाकी कारणे अनेक आहेत: बाळंतपणात बाळ गुदमरणे, डोक्याला मार, मेंदूज्वर. कित्येकांच्या बाबतीत कारण सापडतही नाही. कारण सापडले नाही म्हणजे भूत सापडले, असे मात्र होत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काही शिकलेली मंडळी म्हणतात, आत्मा नाही तर नाही, मेंदू आहे ना. तोच आत बसून शरीर हाकतो. हा आत्म्यालाच दुसरा सदरा घालण्याचा प्रकार झाला. खुद्दकपाठात शरीराची जी बत्तीस अंगे मोजली आहेत त्यांत केस, नखे, दात, काळीज, यकृत यांच्याबरोबर मेंदूही आहे, 'मत्थलुंग' या नावाने. अगदी शेवटी, इतरांसारखाच. त्याला सिंहासन दिलेले नाही. रक्त थांबले तर तो काही मिनिटांत मरू लागतो, साखर उतरली तर बरळतो, झोप मिळाली नाही तर चुकतो. भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला रथ दाखवून विचारले होते, की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? तसेच हे आहे. आत कोणी हाकणारा बसलेला नाही. म्हणूनच त्याला ढकलून दुसरा कोणी आत येऊन बसण्याची सोयही नाही. आजींना मी एवढेच म्हटले, "आजी, घरात खोलीच नाही, तर पाहुणा राहणार कोठे?" त्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या.

मग त्या म्हणाल्या, "पन भगतानं अंगारा लावला का पोर उठती, त्ये मी डोळ्यानं बघितलंय."

हा खरा मुद्दा आहे. बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपले आपण थांबतात. घरात धावपळ, आरडाओरडा, कोणी लिंबू आणतो, कोणी कांदा, कोणी राख. एवढे होईपर्यंत दोन मिनिटे गेलेली असतात. जे सर्वांत शेवटी केले, त्याला यश मिळते. माझ्या चपलेला असेच मिळाले होते. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला असे ज्याला वाटते, त्याने एक दिवस कोंबडा झाकून पाहावा. एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे नव्हे. प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण आपण मोठमोठ्या शब्दांत घोकतो. तिचा उपयोग करण्याची जागा ही आहे: खरे कारण कोणते, आणि ते काढून घेतले तर काय होते, हे तपासणे.

भगताबद्दलही न्यायाने बोलले पाहिजे. आपल्या भागातला भगत बहुधा आपल्याइतकाच गरीब असतो, आणि रात्री दोनला हाक मारली तर तो दार उघडतो. सरकारी दवाखान्याचे दार प्रत्येक वेळी उघडे असतेच असे नाही. लोक तिकडे जातात ते केवळ अडाणीपणाने नव्हे. पण काही ठिकाणी हे प्रकरण अंगाऱ्यावर थांबत नाही. तापलेल्या विळ्याने डाग देतात, मिरचीची धुरी देतात, केस धरून बडवतात, वहाणेचे पाणी पाजतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली हे असले प्रकार करणे त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. साप-विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही त्यात गुन्हा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार चावते. तिचे विष मज्जातंतूचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. पापण्या मिटतात, पुढे श्वास बंद पडतो. तेथे मंत्राने मिनिटे जातात आणि माणूसही जातो.

तर झटका आला असता करायचे काय? माणसाला जमिनीवरच राहू द्या. जवळची चूल, विळी, दगड बाजूला करा. डोक्याखाली घडी केलेले लुगडे ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आणि हलक्या हाताने एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर पडेल. तोंडात काही घालू नका. चमचा नको, बोट नको, पाणी नको. जीभ गिळली जात नाही. हातपाय दाबून धरू नका. कांदा नको, चप्पल तर नकोच. घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला, किंवा शुद्ध येण्यापूर्वी दुसरा आला, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात ती २०१४ पासून आहे. शुद्ध येईपर्यंत जवळ बसा. तथागतांनी अतिसाराने मळात लोळणाऱ्या एका भिक्खूला आनंदासह स्वतः धुतले होते, आणि जो आजाऱ्याची सेवा करतो तो माझीच सेवा करतो, अशा अर्थाचा उपदेश तेथेच केला होता. आपल्याला तर फक्त जवळ बसायचे आहे.

त्यानंतर औषध. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे, आणि योग्य औषध मिळाले तर त्यांपैकी शंभरातले सत्तर जण झटक्यांवाचून राहू शकतात. उरलेल्या तिसांचे काम कठीण असते. तुम्हांला खोटी आशा देणार नाही. गोळी रोज, ठरल्या वेळी, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. दोन महिने झटका आला नाही म्हणून मनाने बंद केली, तर आजार दुप्पट जोराने उलटतो. जागरण आणि दारू यांनीही उलटतो. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार विनामूल्य झाले आहेत. मोठ्या तपासणीसाठी आसनगाव किंवा कल्याणहून लोकलने दादर गाठावे आणि परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जावे. परळ आपल्याला परके नाही. बाबासाहेब तेथल्या बी.आय.टी. चाळीत कित्येक वर्षे राहिले. ध्यानाने मन शांत होते, ते अवश्य करा; पण गोळीच्या जागी ध्यान सांगणाऱ्यापासून दूर राहा, मग त्याच्या अंगावर कोणत्याही रंगाचे वस्त्र असो. आणि मुलीला औषध लागू पडेपर्यंत विहिरीवर, नदीवर एकटी पाठवू नका, चुलीपुढे एकटी बसवू नका. झटक्याने क्वचितच माणूस मरतो. पाण्याने आणि विस्तवाने जास्त मरतो.

राहिला लग्नाचा प्रश्न. आजींच्या सुनेने तो दाराआडून विचारला. आपल्या विवाहांनाही लागू असणाऱ्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके हे लग्नाला बाधक ठरवले गेले होते. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढून टाकला. म्हणजे सरकारने जे पंचवीस वर्षांपूर्वी मान्य केले, ते आपल्या सोयरिकीच्या बैठकीत अजून मान्य व्हायचे आहे. मुलाकडच्यांपासून लपवू मात्र नका. लपवल्याने मुलगी चोरून गोळी खाते, मग चुकवते, आणि पडते ती सासरीच.

आजी नातीला घेऊन तालुक्याला गेल्या. मी बरोबर होतो. तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस पोर वर्गात पेंगत असे. मग सवय झाली. तीन महिने काही झाले नाही. मग नात्यातले एक लग्न निघाले, रात्रभर जागरण झाले, दोन गोळ्या चुकल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवातच तिला झटका आला. लोक म्हणाले, पाहा, भगताला दुखवले त्याचे हे फळ. संध्याकाळी आजी माझ्या घरी आल्या. मला वाटले, आता त्या मला शब्द लावणार.

आजी म्हणाल्या, "मी कुनाला हात लावू दिला नाय. कुशीवर केली आन बसले. माज्याकडं घड्याळ नाय, मला बघता बी येत नाय. मंग मी आपलं त्रिसरण-पंचशील म्हनत बसले. पुरं म्हनून झालं, तवर ती थांबली. गुरुजी, त्ये म्हनायला किती मिनिटं लागत्यात? डॉक्टरीनबाय इचारल ना."

मी मनगटावरचे घड्याळ काढून पुढे ठेवले आणि म्हटले, "म्हणा आजी, जसे तेव्हा म्हटले तसेच." त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हटले. दोन मिनिटांना थोडे कमी भरले. मी केसपेपरच्या मागे तारीख घातली आणि लिहिले: झटका एक, वेळ सुमारे दोन मिनिटे, आदल्या दिवशीच्या दोन गोळ्या चुकल्या. आजींनी तो कागद घडी करून कनवटीला खोचला. पुढच्या मंगळवारी आम्हांला पुन्हा जायचे आहे.